एक आण्याच्या तिकिटावरची तुटकी रेघ: एका सावकारी दप्तरातलं प्रकरण

पंचम जॉर्जचं चॉकलेटी रंगाचं एक आण्याचं तिकीट इतक्या प्रचंड संख्येने छापलं गेलं की संग्राहकांच्या डब्यात ते आजही ढिगाने पडलेलं असतं. त्यावर पेनाने सही असेल तर बहुतेक जण ते उचलतही नाहीत. या प्रकरणातली तिकिटं सगळी तसलीच आहेत: सही केलेली, अंगठा उठवलेली, पावत्यांना, खात्यांना आणि प्रॉमिसरी नोटांना चिकटलेली. त्यांतल्या तीन प्रकारच्या तिकिटांवर काहीतरी वेगळं दिसत होतं. त्यातला छपाईच्या प्लेटचा खरा दोष कोणता आणि नंतर लागलेला डाग कोणता, एवढं ठरवायचं होतं.

कागद सातारा जिल्ह्यातल्या एका घरातले आहेत. पणजोबांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि जोडीला देवघेव. वह्या लाल कापडी बांधणीच्या, सुटे कागद रुमालात बांधलेले, लिखाण बहुतेक मोडीत. घरातल्या काकांनी काही तिकिटांचे मोबाइलवर फोटो काढून एका विक्रेत्याला पाठवले होते. त्याने ‘डबल प्रिंट आहे, भारी किंमत येईल, कागदावरून सोडवून पाठवा’ असं कळवलं. काकांनी परातीत पाणी घ्यायच्या आधी फोन केला, हे फार बरं झालं. तिकीट कागदावरून सुटलं असतं तर पुढे जे काही सिद्ध करता आलं त्यातलं निम्मंही हाती लागलं नसतं.

एकच तिकीट, दोन कामं

आज रेव्हेन्यू तिकीट म्हटलं की टपालाच्या तिकिटाहून वेगळी वस्तू डोळ्यांसमोर येते. त्या काळी एक आण्याच्या बाबतीत तसं नव्हतं. 1906 साली सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘इंडिया पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असे शब्द आले आणि तेच तिकीट पत्रावरही चालू लागलं, पावतीवरही. पंचम जॉर्जच्या 1911 नंतरच्या तिकिटांवरही ही जोड कायम राहिली. टपाल आणि महसूल यांच्यातली भिंत त्याआधीही फार उंच नव्हती. 1866 साली सहा आण्यांच्या टपाल तिकिटांची तातडीने गरज पडली, तेव्हा परदेशी हुंड्यांसाठीची ‘फॉरेन बिल’ महसुली तिकिटं वरून-खालून कापून, त्यांवर हिरव्या शाईत ‘पोस्टेज’ असं छापून कलकत्त्याला काम भागवलं होतं.

एक आण्याची गरज कुठे लागे, हे कायद्याने ठरवलेलं होतं. 1899 च्या मुद्रांक कायद्यानुसार वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा. वीस रुपयांवरचं देणं कबूल केल्याची सही असेल तर तिलाही एक आणा. मागताक्षणी फेडायच्या प्रॉमिसरी नोटेला रकमेप्रमाणे दर: अडीचशे रुपयांपर्यंत एक आणा, हजारापर्यंत दोन आणे, त्यापुढे चार आणे. याच कायद्याच्या बाराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या कामाला ती सोन्यासारखी आहे. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते लावणाऱ्याने रद्द करायचं, आणि त्याची साधी रीत म्हणजे तिकिटावरून जाईल अशी सही किंवा आद्याक्षरं लिहून खरी तारीख घालायची. प्रत्यक्षात तारीख कधी तिकिटावर, कधी कागदाच्या डोक्यावर असते. पण ती असतेच.

टपालाच्या शिक्क्याची तारीख अर्धी तिकिटावर आणि अर्धी पाकिटावर पडते. पाकीट फेकलं की उरतं ते ‘...डिसें...’ एवढंच. पावतीवरच्या तिकिटाची तारीख मात्र कागदासकट शाबूत राहते. पेनाने रद्द केलेली तिकिटं कमी दर्जाची मानून बाजूला टाकायची जी सवय आपल्याकडे आहे, ती मला मनापासून खटकते. प्लेटचा दोष कधी आला आणि कसा वाढला हे शोधायचं असेल तर सही-तारखेच्या तिकिटाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

आधी छपाईची पद्धत

दोषाकडे वळण्याआधी तिकीट कोणत्या पद्धतीने छापलंय ते नक्की करावं लागतं. चॉकलेटी एक आणा उठावाच्या प्लेटवरून छापलेला आहे. मूळ डायवरून, म्हणजे कोरलेल्या पहिल्या ठशावरून, साचे घ्यायचे, साच्यांवर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवायचा, मग तयार झालेले असंख्य छोटे ठसे एकत्र बसवून प्लेट करायची. जे छापायचं ते उंच, जे पांढरं ठेवायचं ते खोल. शाई उंच भागावर लागते आणि कागदावर दाब पडला की ती थोडी कडेला सरकते. त्यामुळे दहापट भिंगाखाली प्रत्येक रेघेच्या आणि अक्षराच्या काठाला गडद शाईची बारीक कड दिसते, आत रंग किंचित फिका. ही कड हाच या पद्धतीचा हात.

लिथोत, म्हणजे सपाट पृष्ठभागावरून होणाऱ्या छपाईत, ही कड नसते. तिथे शाई सपाट पडते. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने 1929 ची विमान टपालाची आणि 1931 ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं लिथोने छापली. 1931 च्या पाव आण्याच्या तिकिटावर ‘पुराना’ या शब्दातल्या इंग्रजी ‘पी’चा ‘एफ’ झालेला प्रसिद्ध दोष आहे. त्या ‘एफ’कडे भिंगातून पाहिलं तर मोडलेल्या जागी कसलीही कड दिसायची नाही, पोटाची गोलाई फक्त गायब असते. सहाव्या जॉर्जच्या दीड आणा आणि तीन आण्यांच्या तिकिटांचं उदाहरण तर शिकणाऱ्यासाठी उत्तम आहे. युद्धकाळात नाशिकला ती आधी लिथोने आणि नंतर उठावाच्या प्लेटवरून छापली गेली. चित्र तेच, पण लिथोची छपाई जास्त नाजूक आणि शीटच्या समासात ज्युबिली रेघा (काठाला समांतर छापलेले जाड पट्टे) नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून तासभर भिंगातून पाहिली की कड म्हणजे काय ते कायमचं डोळ्यांत बसतं. ज्याला दोष ओळखायला शिकायचंय त्याने पैसे आधी या दोन स्वस्त तिकिटांवर खर्च करावेत, असं मी नेहमी सांगतो.

‘डबल प्रिंट’

विक्रेत्याने ज्यावर बोट ठेवलं होतं ते तिकीट एका प्रॉमिसरी नोटेवर होतं. फोटोत राजाच्या डोक्यामागच्या भागात बारीक, वळणदार, दुहेरी रेघा दिसत होत्या. रेघा तिकिटाच्या रंगापेक्षा थोड्या काळपट. नुसतं तिकीट कापून दाखवलेल्या फोटोत पाहणाऱ्याला खरंच वाटावं की छपाईचा कागद यंत्रात दोनदा गेला.

खऱ्या दुहेरी छपाईत दुसरा छाप सगळ्या तिकिटावर असतो आणि एकाच दिशेने सरकलेला असतो. अक्षरं दुहेरी होतात, चौकट दुहेरी होते, किमतीचे शब्द दुहेरी होतात. इथे ‘वन आणा’ची अक्षरं स्वच्छ एकेरी होती आणि गडबड फक्त वरच्या उजव्या भागात. एवढ्यावरच संशय यायला हवा होता. मग नोट पूर्ण उलगडून खिडकीपाशी धरली. त्या वळणदार रेघा तिकिटाच्या भोकांपाशी थांबतच नव्हत्या. भोकांमधून खालच्या कागदावर उतरून त्या पुढे बोटभर गेल्या होत्या आणि तिथे त्यांचा शंखाकार गोल पुरा होत होता.

तो अंगठा होता. शेजारी मोडीत लिहिलंय, ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. कागदाच्या खरबरीत भागावर अंगठ्याची शाई शोषली जाऊन फिकी पडलेली, म्हणून ती पटकन नजरेत भरत नाही. तिकिटाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती वरच्या वर राहिली आणि चॉकलेटी रंगात मिसळून छपाईचा भाग वाटू लागली. तिकीट पाण्यातून काढलं असतं तर अर्धा अंगठा तिकिटाबरोबर गेला असता, अर्धा कागदावर राहिला असता आणि ‘डबल प्रिंट’ म्हणून ते बाजारात फिरलं असतं.

काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे किंमत गेली म्हणायची.”

मी म्हटलं, “काका, तिकिटाची गेली. कागदाची नाही.”

पुसट चेहरा

दुसऱ्या प्रकारात राजाचा चेहरा जवळजवळ दिसेनासा झाला होता. यावर फार वेळ घालवायला लागला नाही. शाई कमी पडून झालेली कोरडी छपाई असती तर पुसटपणा टिपक्या-टिपक्यांनी आला असता आणि काठाची कड तरीही कुठेकुठे राहिली असती. इथे फिक्या भागाला तपकिरी रंगाची सलग सीमा होती आणि ती सीमा तिकीट सोडून कागदावरही तशीच पुढे गेलेली. कधीतरी रुमालाला पाणी लागलंय. त्या भागातली सहीही पसरलेली आहे, आणि वाळताना वर उचललेले तंतू भिंगात स्पष्ट दिसतात. प्रकरण मिटलं.

तुटकी रेघ

खरं काम तिसऱ्या प्रकारात होतं, आणि विक्रेत्याने त्याकडे पाहिलंही नव्हतं. एका साध्या पावतीवरच्या तिकिटाच्या खालच्या काठाची रेघ, डाव्या कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर, तुटलेली होती. तुटलेली जागा ज्वारीच्या दाण्याच्याही चतुर्थांशाएवढी. तिच्या किंचित वर, आतल्या बाजूला, एक सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका.

अशी रेघ तुटायची कारणं बरीच असू शकतात. छपाईच्या वेळी मध्ये धूळ किंवा कागदाचा कण आला. नखाने खरवडलं. कसर लागली. वाळलेली शाई टवका होऊन निघाली. आणि प्लेटवर तेवढा धातूच नव्हता, ही शेवटची शक्यता. आपल्याला हवी असते ती शेवटची, आणि नेमकं म्हणूनच ती शेवटी मान्य करायची असते.

भिंगाखाली पहिला पुरावा मिळाला. तुटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना रेघ नुसती संपत नव्हती. गडद शाईची कड वळून त्या टोकांभोवती फिरली होती, जशी ती प्रत्येक अक्षराच्या टोकाला फिरते. याचा अर्थ, छापताना रेघेला तिथे टोकच होतं. शाई त्या टोकाच्या काठाकडे दाबली गेली. छापल्यानंतर खरवडलं असतं तर रेघ मध्येच कापल्यासारखी दिसली असती, टोकाला कड आली नसती आणि कागदाचे तंतू उसवलेले दिसले असते. धुळीचा कण असता तर बहुतेक वेळा त्याच्या भोवती पांढरं कडं आणि मध्ये रंगाचा ठिपका दिसतो, कारण कणावरही शाई लागते. इथे यातलं काही नव्हतं. वरच्या पांढऱ्या ठिपक्यालाही तशीच गडद किनार होती.

पण एका तिकिटावरून ‘प्लेटचा दोष’ म्हणायचं नाही, हा नियम मोडायचा मोह आवरावा लागतो. तोच दोष, त्याच जागी, दुसऱ्या तिकिटावर दिसला पाहिजे. म्हणून सगळे रुमाल सोडले. चॉकलेटी एक आण्याचं प्रत्येक तिकीट कागदावरच ठेवून खालच्या डाव्या कोपऱ्यापुरतं पाहिलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. मोठं चित्र पाहायचं नाही, राजाकडे पाहायचं नाही, फक्त तो एक कोपरा.

आणखी दोन ठिकाणी तो ठिपका सापडला. मी मुद्दाम ठिपका म्हणतो, रेघ नव्हे. एक तिकीट खात्याच्या पानावर होतं, बाकी कबूल केल्याच्या सहीखाली. तिथे रेघही तशीच तुटलेली होती. दुसरं मात्र एका मोठ्या प्रॉमिसरी नोटेवर होतं आणि तिथे ठिपका अगदी त्याच जागी, पण खालची रेघ पूर्ण तुटलेली नव्हती. तिच्या खालच्या अंगाला फक्त खाच पडलेली होती.

ठिपका आणि रेघेतली इजा यांच्यातलं अंतर तिन्ही तिकिटांत सारखं भरलं. दोन खुणा एकमेकींपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर तीनदा येणं हा योगायोग असू शकत नाही. तिन्ही तिकिटं प्लेटवरच्या एकाच ठशाची. शिवाय एका शीटवर ही जागा एकदाच यायला हवी, म्हणजे तीन तिकिटं तीन वेगवेगळ्या शीटमधली. साचे घेतानाच एखाद्यात दोष शिरला असता तर तो प्लेटवर अनेक जागी उमटू शकतो, हे खरं. पण वाढत जाणारी खाच तसं सांगत नाही. साच्यातला दोष जन्मापासून तेवढाच असतो. वाढते ती प्लेट वापरात असताना झालेली इजा.

तारखा लावल्या आणि गोंधळ झाला

आता दस्तांच्या तारखा. पावतीवर मोडीत ‘कार्तिक शुद्ध, शके 1846’. शकाचा इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. कार्तिक असल्यामुळे 78, म्हणजे 1924 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुकानाच्या वहीवर संवत 1981 घातलाय. तो संवत 1924 च्या दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा दोन्हींचा मेळ बसतो. मोडी कागदांवरून तिकिटांचं काम करणाऱ्याने ही बेरीज दोन्ही बाजूंनी तपासावीच, कारण पौष-माघातल्या कागदाला चुकून 78 मिळवले की तारीख अख्खं वर्षभर मागे जाते.

खात्यावरची सही 1927 ची. तिथे सही का झाली हेही कळतं. तेव्हाच्या 1908 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा देण्याला तीन वर्षांची मुदत. ती संपण्याआधी ऋणकोने लेखी कबुली दिली की मुदत नव्याने सुरू होते. म्हणून सावकार तीन वर्षं भरायच्या आत खात्यावर पुन्हा तिकीट लावून सही घेत. याच कारणामुळे अशा वह्यांतून ठरावीक अंतराने तारखा घातलेली तिकिटं मिळत राहतात.

तिसरी नोट 1929 ची. रक्कम बाराशे रुपये, कारण विहीर. हजाराच्या वर, म्हणून चार आणे, आणि ते लावलेत एक आण्याच्या चार तिकिटांचा न फाडलेला ब्लॉक चिकटवून. ठिपकेवालं तिकीट त्यात खाली उजवीकडे.

म्हणजे तारखेच्या क्रमाने पाहिलं तर 1924 ला रेघ पूर्ण तुटलेली, 1927 ला तुटलेली, आणि 1929 ला नुसती खाच. धातू काही परत उगवत नाही.

प्लेटची दुरुस्ती झाली असावी, हे उत्तर इथे चटकन सुचतं. दुरुस्त्या होतही असत. पण दुरुस्त केलेल्या रेघेला हाताचा माग राहतो: जाडी बदलते, सरळपणा बिघडतो, जोड दिसतो. नोटेवरच्या रेघेचा वरचा काठ शेजारच्या तिकिटांसारखाच मूळचा, सरळ आणि एकसारखा आहे. खाच खालच्या काठातून आत शिरायला लागलेली दिसते. ही दुरुस्तीनंतरची अवस्था नसून मोडण्याच्या आधीची आहे.

उलगडा तिकीट छापल्याची तारीख आणि वापरल्याची तारीख वेगळी ठेवल्यावरच होतो. सावकाराच्या पेटीत शीटचे तुकडे असायचे. एकेक पावतीला एकेक तिकीट फाडलं जायचं, आणि न फाडलेला मोठा तुकडा तळाशी राहायचा. चार आण्यांची गरज पडली तेव्हा तळातला तो जुना ब्लॉक बाहेर आला. 1929 ची सही ज्या तिकिटावर आहे ते 1924 च्या पावतीवरच्या तिकिटाआधी छापलेलं आहे.

सही-तारखेच्या तिकिटांवर काम करताना यातून एक गोष्ट हाताशी ठेवायला हवी. दोष असलेल्या तिकिटाची सर्वांत जुनी तारीख पक्की धरायची: त्या दिवसाआधी दोष प्लेटवर आलेला होता, यात वाद नाही. सर्वांत अलीकडची तारीख कच्ची. ती फक्त पेटी कधी रिकामी झाली ते सांगते.

या हिशोबाने पाहा. चॉकलेटी रंगात एक आणा 1922 साली आला, त्याआधी तो लाल होता. नोटेवरचं खाचेचं तिकीट चॉकलेटी आहे, म्हणजे 1922 च्या आधीचं नाही. पावतीवरचं पूर्ण तुटलेलं तिकीट 1924 च्या कार्तिकात वापरलंय. खाच पडून रेघ तुटेपर्यंतचा सगळा प्रवास या दोन टोकांच्या मध्ये बसतो, दोन-अडीच वर्षांत. तिकीट लंडनहून बोटीने यायला, मग टपाल कचेरीतून दुकानापर्यंत पोचायला लागलेले महिने वजा केले तर काळ आणखी आवळता येतो.

वॉटरमार्क आणि समास

लंडन म्हणालो, कारण तेही तपासलं. हिंदुस्थानची तिकिटं 1855 पासून लंडनची डी ला रू कंपनी छापत होती. नाशिकचा कारखाना उभा राहिल्यावर 1926 पासून तिथली छपाई आली. कागदातला वॉटरमार्क, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी खूण, पाहिला की फरक कळतो: लंडनच्या छपाईच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एक मोठा तारा, नाशिकच्या कागदात लहान ताऱ्यांची दाटी. चिकटलेल्या तिकिटात हे पाहणं अवघड असतं. वॉटरमार्क पाहायचं पेट्रोलजन्य द्रव दस्तऐवजावर टाकायचं नाही, त्यावर सह्या आणि शाईचे अंगठे आहेत. ब्लॉकचा वरचा काठ डिंक वाळून आपोआप सुटला होता. मागून टॉर्चचा उजेड टाकल्यावर वरच्या तिकिटात एकच तारा दिसला. पावतीचा कागद पातळ होता, तिथे उजेड आरपार आला आणि तिथेही एकच. 1927 चं खातं जाड कागदाचं. तिथे काही दिसलं नाही, म्हणून तिथे ‘तपासता आलं नाही’ एवढीच नोंद केली.

ब्लॉकने आणखी एक देणगी दिली. चिकटवणाऱ्याने खालचा समास फाडून टाकला नव्हता. समासाच्या त्या पट्टीवर तिकिटाच्या खालच्या बाजूला समांतर एक जाड चॉकलेटी पट्टा छापलेला आहे. ही ज्युबिली रेघ. व्हिक्टोरिया राणीच्या 1887 च्या ज्युबिलीच्या सुमारास ब्रिटिश तिकिटांच्या प्लेटवर ही रेघ घालायला सुरुवात झाली, म्हणून हे नाव. शाईचा रूळ फिरताना काठावरच्या ठशांना बसणारा मार तिने झेलावा, ही अपेक्षा. तेव्हा आपलं तिकीट शीटच्या किंवा तिच्या एका भागाच्या सर्वांत खालच्या ओळीतलं आहे. डावीकडे शेजारचं तिकीट जोडलेलं असल्याने ते पहिल्या उभ्या रांगेतलं नाही.

खालच्या ओळीत, आणि इजा खालच्या काठाला. रेघ बाहेरून आत मोडत गेली हे खाचेच्या दिशेवरून आधीच दिसलं होतं, जागेवरून त्याला आधार मिळाला. संरक्षक रेघ असूनही काठाचा ठसा मार खातोच.

एकेरी तिकिटावरून ही जागा कधीच कळली नसती. बाराशे रुपयांचं कर्ज, त्याचा चार आण्यांचा दर आणि समास न फाडणारा कारकून, हे तिन्ही जुळले म्हणून कळली. म्हणून महसुली तिकिटं पाहणाऱ्याने दर आधी पाठ करावेत. दोन आण्यांची नोट असेल तर जोडी मिळण्याची शक्यता, चार आण्यांची असेल तर ब्लॉकची. हजारावरच्या नोटा आधी उघडाव्यात.

लाल तिकिटं

एक धागा पुढे न्यायचा आहे. प्लेटला रंग नसतो. हाच ठसा 1922 च्या आधी लाल शाईत छापत असेल तर ठिपका लाल तिकिटावरही सापडायला हवा, बहुधा खाचेशिवाय. या दप्तरातल्या लाल तिकिटांत तो मिळाला नाही, पण इथे लाल तिकिटं फारशी नाहीतच. देवघेव प्रामुख्याने नंतरच्या काळातली आहे. 1915 ते 1922 च्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी खालचा डावा कोपरा पाहावा: काठाच्या रेघेच्या किंचित वर, आतल्या बाजूला, गडद किनारीचा पांढरा ठिपका. तो लाल तिकिटावर तारखेसकट मिळाला तर ठिपका आधी आला की दोन्ही इजा एकदमच झाल्या, हे ठरेल. त्याच तारखेने प्लेट कधीपासून वापरात होती याचाही अंदाज येईल. टपालातून आलेल्या, शिक्का मारलेल्या तिकिटांवरही तो असणारच, कारण शीट टपाल खिडकीवर एकच होती. फक्त तिथे तारीख मिळणं नशिबाचं.

अशा घरगुती दप्तरांची आशा कुठे ठेवावी, हेही सांगायला हवं. पुणे आणि नगर भागात 1875 च्या दंगलीत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हुडकून जाळले, सुप्यापासून सुरुवात झाली. त्यामागची होरपळ समजण्यासारखी आहे. आपल्याला हवे असलेले विसाव्या शतकातले कागद मात्र अजून माळ्यांवर आहेत आणि ते रद्दीत जातायत. कागद पिढीजात कर्जाचे असल्याने घरच्यांना ते दाखवायला संकोच वाटतो, तो मान्य करूनच पुढे जावं लागतं. या प्रकरणातल्या सगळ्या छायाचित्रांत ऋणकोंची नावं आणि गावं झाकली आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच तालुक्यात राहतात. तिकिटाच्या अभ्यासाला त्यांची नावं लागत नाहीत.

नोंद कशी ठेवली

प्रत्येक दोषी तिकिटाचे दोन स्कॅन घेतले. एक पूर्ण दस्ताचा, तारीख आणि सही दिसेल असा. दुसरा फक्त तिकिटाचा, 1200 डीपीआयवर, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. नोंदीच्या कागदावर रंग, तारे दिसले की नाही, दस्ताचा प्रकार, मोडी तारीख जशी आहे तशी, मग इसवी सन, दोषाची अवस्था आणि ती अवस्था ठरवण्याचं कारण. ‘ठिपका आहे, रेघ शाबूत’, ‘ठिपका आहे, खाच’, ‘ठिपका आहे, रेघ तुटलेली’ अशा तीन अवस्था ठरवल्या. पहिलीचा नमुना अजून हाती नाही, पण तिची जागा रिकामी ठेवली आहे. दस्त पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत सपाट ठेवले, चिकटपट्टी कुठेही लावली नाही, ब्लॉकचा सुटलेला काठ पुन्हा चिकटवला नाही.

विक्रेत्याला काकांनी काय झालं ते कळवलं. त्याचा पुन्हा फोन आला आणि त्याने अंगठ्याची नोट तशीच पूर्ण मागितली, दस्त म्हणून. काकांनी दिली नाही. तुटक्या रेघेच्या तिकिटाला बाजारात फार मोल नाही, महसुली वापरातल्या साध्या एक आण्याच्या दोषासाठी पैसे मोजणारे मोजकेच. काकांना ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून आणखी एक ट्रंक खाली काढली. त्यात 1917 पासूनच्या पावत्या आहेत, लाल तिकिटांच्या.